कालवाकालव

केरळात आलेप्पीला जाऊन तिथल्या कालव्यांतून बोटीनं फिरून येऊ, एवढंच मी म्हणालो होतो. पण ते घरात तिघांना तीन तऱ्हांनी ऐकू आलं. बायको मालवणची. तिच्या डोळ्यांपुढं खडकावरून फोडून काढलेली कालवं आली आणि तिनं विचारलं, "तिथली कालवं आपल्यासारखी गोड असतात का हो?" साडूभाऊंची उभी हयात पाटबंधारे खात्यात, त्यातही बारामतीकडच्या नीरा डाव्या कालव्यावर गेलेली. त्यांनी विचारलं, "आवर्तन कधीचं आहे?" आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "काय कालवा लावलाय रे सकाळी सकाळी!"

एका शब्दाला तीन अर्थ असले की पुढं पोटात जे होतं, त्यालाही आपण कालवाकालवच म्हणतो.

ही गोष्ट २०१२ सालच्या डिसेंबरातली. आमचं घर बनशंकरीत, सेकंड स्टेजला. मेट्रो यायला अजून पाच वर्षं होती. कनकपुरा रस्त्यावर तिची खोदाई तेवढी पोचली होती. साडू आणि मेव्हणी नाताळाच्या सुट्टीत आमच्याकडे आले होते आणि चौघांनी मिळून कुठंतरी जायचं होतं. आलेप्पी ठरलं ते पाच मिनिटांत. पुढचे तीन दिवस बोट कुठली घ्यायची, यावर खर्ची पडले.

बोटी होत्या दोन. एक पर्यटकांची: आलेप्पीहून सकाळी साडेदहाला निघायची आणि कालवे, खाड्या, पुन्हा कालवे असं करत संध्याकाळी साडेसहाला कोल्लमला पोचायची. आठ तास. वाटेत एकदा जेवायला आणि एकदा चहाला थांबायची. दुसरी राज्य जलवाहतूक खात्याची साधी उतारूंची बोट, आलेप्पी ते कोट्टायम. अडीच तास, आणि तिकीट बंगळुरातल्या इडली-वड्याच्या एका बशीपेक्षा स्वस्त. हाउसबोटीचा तिसरा पर्याय मी मांडून पाहिला. पण ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला काठाला बांधून ठेवतात, कारण रात्री ते पाणी कोळ्यांच्या जाळ्यांचं असतं, हे कळल्यावर साडूभाऊंनी तो निकालात काढला. "रात्रभर एका जागी उभं राहायचं आणि वर भाडं द्यायचं?"

खरं तर कालव्यात बसून मजा करायची असते, हेच आपल्याकडं कुणाला माहीत नाही. आपला कालवा कामाचा. पुण्यात मुठा कालवा शहराच्या मधून जातो. खडकवासल्याचं धरण १८७०च्या दशकात बांधलं तेव्हापासून तो तिथं आहे. पण त्यात नौकाविहार करावा असं जवळपास दीडशे वर्षांत एकाही पुणेकराला वाटलेलं नाही, आणि पुणेकराला न वाटलेली गोष्ट करण्यासारखी नसणार असा आमचा समज. साडूभाऊंच्या मुलखात तर कालव्याचं पाणी पाळीनं यायचं. पाटकरी, बारे, चाऱ्या, पाण्यावरून डोकी फुटणं... त्यांच्या लेखी कालवा म्हणजे तक्रारअर्ज. बंगळुरात कन्नडमध्ये त्याला कालुवे म्हणतात, म्हणजे शब्द घरचाच. इथले राजकालुवे पूर्वी एका तळ्याचं जादा पाणी पुढच्या तळ्यात नेऊन सोडायचे. तळी बुजली, कालुवे आक्रसले, आणि पुढं २०२२च्या सप्टेंबरात सर्जापूर रस्त्याकडच्या मंडळींना आपल्याच वसाहतीतून ट्रॅक्टरमधून आणि रबरी बोटींतून बाहेर पडावं लागलं. ती सहल किती तासांची, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तर आमच्यात मतं पडली दोन विरुद्ध दोन. नवरा-बायको एका बाजूला असते तर भांडण तरी रीतसर झालं असतं. आठ तासांच्या बाजूनं साडूभाऊ आणि माझी बायको. अडीच तासांच्या बाजूनं मेव्हणी आणि मी.

साडूभाऊंचं म्हणणं उघड होतं. एवढ्या लांब जायचं, रात्रीची बस अंगावर काढायची आणि अडीच तासांत परत? ताट घ्यायचं तर पोटभर. मेव्हणीचा हिशेब फोटोंचा. "पहिल्या पंधरा मिनिटांत नारळाचं झाड, पाण्यात नारळाचं झाड, आणि नारळाच्या झाडापुढं मी. पुढं पावणेआठ तास काय काढू, भावोजी?" माझं कारण मी चारचौघांत सांगितलं नाही. पंचावन्न ओलांडलेला माणूस कुठल्याही प्रवासाला निघताना आधी एकच चौकशी करतो आणि ती देखाव्याची नसते.

बायकोचं काय ते कळेना. तिला पाण्याचं कौतुक असायचं कारण नाही. तिचं माहेर समुद्राला पाठ टेकून बसलेलं. शेवटी रात्री ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "आठ तास कुणी माझ्याकडे काही मागणार नाही. चहा नाही, रुमाल नाही, दाराची बेल नाही. उतरून कुठं जाताही येणार नाही कुणाला, आणि मला उठवताही येणार नाही." यावर मी काही बोललो नाही. पाणी मागायला आलो होतो. ते स्वतःच घेतलं.

तळमजल्यावरच्या चेची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, मूळच्या आलेप्पीजवळच्या कुट्टनाडातल्या. जाणकाराचं मत म्हणून त्यांना वर बोलावलं. आमचा वाद त्यांना समजायलाच वेळ लागला. अडीच तासांची ती बोट म्हणजे त्यांच्या लहानपणची शाळेची गाडी. दप्तर घेऊन चढायचं आणि आपला धक्का आला की उडी मारायची. "तुम्ही कधी बनशंकरी ते मॅजेस्टिक बीएमटीसीच्या बसनं मजा म्हणून गेलात का?" त्यांनी विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "मी जाईन." आठ तासांच्या वाटेबद्दल चेचींना एकच गोष्ट ठाऊक होती. त्या वाटेवर पल्लना लागतं. त्यांचा महाकवी कुमारन आशान १९२४च्या जानेवारीत बोटीनं कोल्लमहून आलेप्पीला यायला निघाला आणि तिथं बोट उलटून बुडाला. बोटीचं नाव होतं 'रिडीमर', म्हणजे तारणहार. मेव्हणीनं ही माहिती लगेच आपल्या पारड्यात टाकली. साडूभाऊ म्हणाले, "शंभर वर्षं होत आली त्याला!" मेव्हणी म्हणाली, "पाणी तेच आहे."

उरला प्रश्न मुहूर्ताचा. आम्ही बोटीत शुक्रवारी बसणार होतो, आणि शुक्रवारचा राहुकाळ पंचांगात साडेदहा ते बारा. लांबच्या बोटीची सुटायची वेळ नेमकी साडेदहा. बायकोच्या बाजूचं मत डळमळायला लागलं, तेव्हा आईनं तोंड उघडलं. बनशंकरी आमची कुलदेवी. मूळ ठाणं बदामीपासून पाचेक किलोमीटरवर, चोळचगुड्डला. बंगळुरातलं देऊळ १९१५चं, म्हणजे त्यामानानं कालचं पोर. इथं तिची पूजा राहुकाळातच करतात. मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी देवळात बायकांची रांग लागते. लिंबू पिळून साल उलटी करायची, त्यात तुपाची वात लावायची. बाकी जग ज्या दीड तासाला टाळतं, तो हिनं स्वतःसाठी ठेवून घेतलाय. आई म्हणाली, "आपल्या देवीला राहुकाळाचं वावडं नाही. तुम्हाला कुठून आलं?"

कौल लांबच्या बोटीला मिळाला, असंच सगळ्यांना वाटलं. पण आईच्या शेवटच्या वाक्यानं घोटाळा केला. "पण संध्याकाळपर्यंत पाण्यात काय करणार आहात रे?" मेव्हणीनं कौल तेवढाच ऐकला. देवाधर्माच्या बाबतीत ज्याला जेवढं ऐकू येतं तेवढाच त्याचा कौल. आम्ही कोट्टायमची बोट घेतली.

आलेप्पीचा धक्का बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. सकाळची बोट. पुढं सुकाणूवर बसलेल्या माणसाला ते स्रांक म्हणतात. आपल्या कोकणातला सारंग तो हाच. इंजिन सांभाळणारा दुसरा, आणि दोघांमध्ये बोलणं नाही, दोरीनं वाजवायची घंटा फक्त. एक टोला, दोन टोले. बोट हळू, बोट जोरात. बायकोनं ही पद्धत बराच वेळ निरखून पाहिली आणि मग माझ्याकडं पाहिलं.

कालवा संपून वेंबनाडचं मोठं पाणी लागलं, ते ओलांडून बोट पुन्हा अरुंद वाटांत शिरली. आणि साडूभाऊ उभे राहिले. डाव्या हाताला बांध, बांधापलीकडं भाताची खाचरं, आणि ती खाचरं आमच्या खाली होती. बोटीत बसून आम्ही शेताकडं गच्चीवरून पाहावं तसं वाकून पाहत होतो. कुट्टनाडातली ही जमीन पाणी उपसून, बांध घालून काढलेली. काही ठिकाणी समुद्रसपाटीच्या दोन मीटरांहूनही खाली. बांधावर एका ठिकाणी लाकडी पिंपाला जोडलेली लांबट लाकडी पेटी होती आणि तिच्यातून धो धो पाणी कालव्यात पडत होतं. शेजारच्या उतारूनं नाव सांगितलं, पेट्टी-परा. मोटरीवर चालणारा देशी पंप.

"पाणी शेतातून कालव्यात?" साडूभाऊंनी तीनदा विचारलं. पस्तीस वर्षं ज्या माणसानं कालव्यातून शेतात पाणी सोडा म्हणून मोर्चे झेलले, त्याच्यापुढं पाणी उलटं चाललं होतं. इथला शेतकरी पाणी काढा म्हणून अर्ज करत असणार! ते मटकन बसले. पुढं अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. मेव्हणी म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच. (२०१३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं या शेतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान दिला, ते कात्रण साडूभाऊंनी मला पोस्टानं पाठवलं. आणि २०१८च्या ऑगस्टात ते बांध फुटले, पाणी घरांच्या छपरांना लागलं. तशाच बोटींतून माणसं भरभरून बाहेर काढताना टीव्हीवर दिसली, तेव्हा त्यांचा फोन आला. "तो पंप कुठं असेल रे आता?" एवढंच म्हणाले. चेचींचा भाऊ तेव्हा चंगनाशेरीच्या एका शाळेत मुक्कामाला होता.)

बोट दर पाच-दहा मिनिटांनी कुठल्या तरी धक्क्याला लागत होती. एक आजी कोंबडी घेऊन चढली, एक मुलगा सायकल घेऊन उतरला. कोट्टायम जवळ आल्यावर कालवा इतका अरुंद झाला की दोन्ही काठांच्या घरांतली भांडी मोजता येत होती. मध्ये पायी जायचे पूल. बोट आली की दोरी ओढून मधली फळी वर उचलायची, बोट गेली की पुन्हा खाली. मेव्हणीचे फोटो एव्हाना दोनशेच्या पुढं गेले होते आणि त्यांत नारळाचं झाड एकही नव्हतं.

कोट्टायमचा धक्का आला. मी चारही बॅगा उतरवल्या, मेव्हणीचा हात धरून तिला उतरवलं आणि मागं वळून पाहिलं. साडूभाऊ आणि बायको जागचे हलले नव्हते.

"हीच बोट अर्ध्या तासानं परत जाते," साडूभाऊ म्हणाले. "तो पंप जाताना उजव्या बाजूला येईल. नीट बघता येईल."

"आणि तू?" मी बायकोला विचारलं.

तिनं चपला काढून पाय समोरच्या बाकावर ठेवले होते. "भावोजींना एकट्यांना कसं सोडायचं?" ती म्हणाली.

घंटा वाजली. मी आणि मेव्हणी चार बॅगांसकट कोट्टायमच्या धक्क्यावर उभे. ते दोघं आलेप्पीला गेले आणि तिथूनही न उतरता पुन्हा कोट्टायमला आले. अडीच, अडीच आणि अडीच, मध्ये बोट थांबली ती वेळ धरून साडेआठ तास. कोल्लमच्या बोटीपेक्षा अर्धा तास जास्त, आणि तिकीट तिच्या पासंगालाही नाही, असं साडूभाऊ आजही सांगतात. धक्क्यावर बसून काढलेले सहा तास मात्र त्यांच्या हिशेबात येत नाहीत. मेव्हणीनं आणि मी त्या दिवशी नऊ चहा प्यायलो आणि तिच्या लग्नात झालेल्या मानापानाचा विषय एकदाचा मुळापासून संपवला. शिवाय ज्या सोयीसाठी मी अडीच तासांच्या बाजूनं मत दिलं होतं, ती शोधायला मला दोनदा धक्क्यावरून बराच लांब जावं लागलं.

दोन दिवसांनी घरी पोचलो. आईनं विचारलं, "मग, कुठल्या बोटीत बसलात? छोट्या की मोठ्या?" साडूभाऊ म्हणाले मोठ्या, मेव्हणी म्हणाली छोट्या. बायको चहा टाकायला आत गेली होती.

"तुला आठवत नसेल," आई मला म्हणाली, "पण तू पाच महिन्यांचा असताना बदामीला जत्रेत तुला पाण्यातून नेला होता. नवस होता. केळीच्या खांबांचा तराफा, त्याच्यावर पाळणा, पाळण्यात तू. देवळापुढच्या तळ्यात, हरिद्रातीर्थात."

"किती वेळ?" साडूभाऊंनी विचारलं.

"घड्याळ कुठलं बघतेय मी! सुरुवातीला हा भोकाड पसरून रडत होता. जरा कुठं गप्प झाला, इकडंतिकडं बघायला लागला, तर काठ आला."

"आणि मग?"

"मग उतरवताना पुन्हा रडला."

आतून बायकोनं हाक मारली. चहा झाला होता, आणि कुणीतरी येऊन कप घेऊन जायचे होते.