चालायला जागा

सूर्यमाळला चालायला जागा नाही. पर्यटकांना हे पटणार नाही. पालघर जिल्ह्यातलं हे उंचावरचं थंड हवेचं ठिकाण. कसाऱ्याहून खोडाळ्याच्या वाटेने गाड्या वर चढवून माणसं इथं येतात ती चालायलाच. पण त्यांना इथं कोणी ओळखत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. मी या भागातल्या शाळांमध्ये जन्म काढला. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता मोटारसायकली चालवतात, आणि गुरुजी रस्त्याने पायी निघालेले त्यांना बघवत नाहीत.

"कुठं चाललात गुरुजी?"

"कुठं नाही, इथंच."

"मग बसा की, सोडतो."

जिथं जायचंच नाही तिथंही माणूस सोडायला तयार असतो, आणि नको म्हटलं की हिरमुसतो. तब्येतीसाठी चालतोय असं सांगावं, तर तो गाडी बंद करून उतरतो, काय दुखतंय ते विचारतो, आणि दिवेलागणीपर्यंत गुरुजींचं काही खरं नाही ही बातमी खोडाळ्यात पोचलेली असते. इथं चालण्याला कारण लागतं. कोणी लाकडाला जातो, कोणी गुरांमागे, कोणी बाजाराला. नुसताच चालणारा माणूस एक तर चकवा लागलेला असतो, नाही तर घरात भांडून निघालेला.

मला मात्र नुसतंच चालायचं आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी टीएमटी ही हृदयाची तपासणी करून घेतली, कागद न्याहाळला आणि आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास चालायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याला १५० मिनिटांचा हिशेबही तोच. पुढे गुडघे पाहून त्यांनी एक पुस्ती जोडली, "पण सपाटीवर हं." सूर्यमाळला सपाटी! आमच्याकडे घरातून चुलीपाशी जातानाही उतार लागतो. त्यात पावसाचे चार महिने असे, की अंगणापलीकडचं झाड धुक्यात हरवतं. तेव्हा कल्याणच्या मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला, "बाबा, ट्रेडमिल घ्या. वीस-पंचवीस हजारांत होऊन जाईल."

'होऊन जाईल' हे मुलांना फार सोपं जातं. पेन्शनीतून वीस-पंचवीस हजार काढायचे तर आधी त्या यंत्राची कुळकथा माहीत हवी, म्हणून मी चौकशीला लागलो. कूळ काही फार उजळ निघालं नाही. ज्या १८१८ साली इकडे पेशवाई बुडाली, त्याच साली तिकडे इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरने तुरुंगासाठी पायऱ्यांचं एक चाक शोधून काढलं. कैद्यांनी ते पायांनी फिरवायचं. कुठे त्यावर धान्य दळलं जाई, कुठे पाणी उपसलं जाई, आणि कुठे नुसतंच फिरवलं जाई. १८९८च्या तुरुंग कायद्यानंतर ती शिक्षा बंद पडली. पुढे सिअॅटलच्या रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरांनी हृदय तपासायला चालता पट्टा वापरला. त्यांनी १९६३ साली मांडलेल्या पद्धतीनेच आजही टीएमटी होते. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढही वाढतो. साठचं दशक सरता सरता अमेरिकेतल्या विल्यम स्टॉब यांनी घरात परवडेल अशी ट्रेडमिल बाजारात आणली. थोडक्यात, तुरुंगातून दवाखान्यात आणि दवाखान्यातून दिवाणखान्यात असा तिचा प्रवास. पूर्वी शिक्षा म्हणून फुकट मिळत होतं ते आता हप्त्यांनी मिळतं.

नाशिकच्या दुकानात गेलो तर विक्रेत्याने सुरुवातच घोड्यांपासून केली. "काका, ही चार हॉर्सपॉवरची." एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, एवढं मी पोरांना शिकवलेलं. चारचे झाले जवळपास तीन हजार वॅट. आमच्याकडे मिक्सर लावला तरी बल्ब डोळा मारतो. जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं, हा आकडा 'पीक'चा, म्हणजे मोटर क्षणभर जेवढा जोर काढील तेवढा. पाहायचा असतो तो सलग चालतानाचा आकडा, आणि तो बारीक अक्षरात असतो. नुसतं चालणाऱ्याला सलग दीड-दोन हॉर्सपॉवर पुरे. पट्टा चालण्यापुरता चाळीस-बेचाळीस सेंटिमीटर रुंद आणि एकशेवीसच्या आसपास लांब असला की भागतं. पळणाऱ्याला तोच पन्नास बाय एकशेचाळीस लागतो. आपल्या वजनापेक्षा वीसेक किलो जास्त पेलणारं यंत्र घ्यावं. कमरेला अडकवायची दोरी हवीच, तोल गेला की ती सुटते आणि पट्टा थांबतो. विजेशिवाय पायांनी ढकलायचं यंत्र स्वस्त मिळतं, पण त्यात गुडघ्यांची वसुली होते.

यानंतर विक्रेत्याने 'ऑटो इन्क्लाइन' दाखवलं. बटण दाबलं की यंत्र पुढून उचललं जातं आणि चढ तयार होतो. त्याचे वर सात हजार. मला त्याची गंमत वाटली. आमच्या बायाबापड्या उन्हाळ्यात विहिरीवरून चढाने हंडे आणतात, त्या चढाचं कोणी काही देत नाही. मोखाड्याच्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचं धरण २०१४ साली पुरं झालं, तिथलं पाणी उतारा-उताराने मुंबईला जातं. मुंबईला आम्ही पाणी देतो आणि मुंबई आम्हाला चढ विकते! "मला चढ नको," मी म्हणालो, "तुमच्याकडे सपाटी केवढ्याला आहे ते सांगा." विक्रेता हसला नाही. त्याच्या मते सपाटी ही न परवडणाऱ्यांसाठी होती.

घरी आल्यावर हिने खरे प्रश्न विचारले. साठ किलोचं धूड जीपच्या टपावरून कोण उतरवणार? खोडाळ्यापासून पुढे दुरुस्तीवाला येईल का, आणि आला तर यायचे वेगळे घेईल का? वॉरंटी मोटरीची इतकी वर्षं, तितकी वर्षं म्हणतात. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, त्या ओलीची वॉरंटी कोण देतं? पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉनचं तेल सोडावं लागतं, ते विसरणार कोण हे तिला आधीच ठाऊक होतं. अर्थिंग, वेगळा सोळा अँपिअरचा प्लग आणि व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर हे खर्च दुकानदाराने बोलण्याच्या ओघात गाळले होते, ते तिने कॅलेंडरमागे लिहून काढले. "शहरात म्हणे त्यावर कपडे वाळत घालतात," ती म्हणाली. त्यात चेष्टा मुळीच नव्हती. आषाढात आठ-आठ दिवस धोतर ओलं राहतं तिथं हा उपयोग हिशेबात धरायलाच हवा.

जागच्या जागी चालणं आम्हाला नवीन आहे असंही नाही. सुगीनंतर पाड्यावर तारपा वाजतो. दुधीभोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या धिंडा त्यासाठी नावाजलेले. तारप्याला पाठ न दाखवता बाया-पुरुष हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरत राहतात. रात्रभर चालतात आणि पहाटे जिथल्या तिथे असतात. ट्रेडमिलवरही हेच होणार, फक्त मधोमध वाजवणारा नसेल आणि हातात कोणाचा हात नसेल. ही उणीव कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नोंदलेली नाही.

शेवटी यंत्र ठरलं. बिनचढाचं, घडी होणारं, सलग दोन हॉर्सपॉवरचं. आता राहिली जागा. मुलाचं म्हणणं, आतल्या खोलीत ठेवा, कोणी बघणार नाही. मलाही आधी तेच बरं वाटलं. रस्त्यावरच्या त्या प्रश्नापासून एकदाची सुटका! 'कुठं चाललात' असं भिंत विचारत नाही.

पण डॉक्टरांनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. चालण्याचा वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायची साधी खूण अशी, की चालताना बोलता आलं पाहिजे आणि गाता येऊ नये. गाता आलं तर फार सावकाश, बोलताही येईना तर फार जोरात. आता बोलायचं तर समोर कोणी नको का? रस्त्यावर जे मला चालू देत नव्हते, तेच माझा वेग मोजून देणारे निघाले! नाडी दाखवणारी हँडल असलेलं यंत्र अडीच हजारांनी महाग आहे. ते मी रद्द केलं.

यंत्र ओटीवर, दाराकडे तोंड करून, पावसाची झड पोचणार नाही इतकं आत बसवायचं ठरलंय. पट्ट्याच्या मागे चार-पाच हात मोकळी जागा ठेवायची, म्हणजे घसरलो तर भिंतीवर आपटणार नाही. जाणारा-येणारा दारात थांबेल, विचारेल, आणि मला धाप न लागता उत्तर देता आलं की समजायचं, वेग बरोबर आहे. मोटारसायकलवर बसवून मला ओटीवरून कोणी नेऊ शकणार नाही. वाचलेल्या अडीच हजारांत हिने दोन खुर्च्या सांगितल्यात, विचारायला येणाऱ्यांसाठी. मी एकच पुरे म्हणत होतो, पण आमच्याकडे विचारायला कोणी एकटं येत नाही.