नरम वायर

मांडवात प्रत्येकाचा पाय पडावा अशी एकच हक्काची वस्तू असते: लाइटवाल्याची वायर. केटररची ट्रॉली तिच्यावरून जाते. अख्खं मैदान मोकळं असलं तरी खुर्चीवाल्याला खुर्चीचा पाय नेमका तिच्यावरच टेकवायचा असतो. प्रमुख पाहुण्यांची गाडी तर स्टेजला खेटूनच लागली पाहिजे, नाहीतर ते प्रमुख कसले!

पूर्वी हे खपून जायचं. 1986 साली आलेल्या, दिवे चालवायच्या डीएमएक्स पद्धतीत एका वायरीतून 512 चॅनल जातात (या गठ्ठ्याला म्हणतात एक युनिव्हर्स), आणि साध्या पार कॅन दिव्यांच्या जमान्यात ते पुरून उरायचे. आता मान वळवणारा एकेक मूव्हिंग हेड दिवा सोळा-वीस चॅनल एकटा गिळतो. पंचवीस-तीस टांगले की हिशोब संपला. म्हणून कन्सोलपासून स्टेजपर्यंत नेटवर्क केबल आली, तिच्यातून डीएमएक्स नेणारं आर्ट-नेट आलं, एका केबलमधून हवी तेवढी युनिव्हर्स जाऊ लागली. सोय झकास. मात्र ती केबल तुटली की एखादा दिवा जात नाही, ब्रह्मांडच जातं.

ही केबल घ्यायला पुण्यात तपकीर गल्लीत शिरावं. ‘कॅट फाइव्ह-ई द्या, पण नरम,’ म्हटलं की दुकानदार आधी कीव करतो. ‘साहेब, आता कॅट सेव्हन आलंय!’ आलं असेल. दिवे लाल-निळे करायला शंभर मेगाबिट रग्गड होतात आणि तेवढं फाइव्ह-ई आरामात वाहून नेते. मग तो 305 मीटरचा खोका पुढे सरकवतो. ‘हीच न्या, सगळे हीच नेतात.’

हे ‘सगळे’ ती भिंतीत घालतात. तिच्या आठही तारा एकसंध तांब्याच्या असतात, एकदा पाइपात गेल्या की जन्मात हलायचं नाही. निवृत्त हेडमास्तरांसारखी ताठ! मैदानात अंथरली तरी जागोजागी कंबर वर करून उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाडते. रोज गुंडाळून-उलगडून एखादी तार आतल्या आत तुटते. वरून मात्र सालटंही निघालेलं नसतं, त्यामुळे दोष कन्सोलवर जातो.

आपल्याला हवी ती निराळी. प्रत्येक तार म्हणजे सात बारीक तारांचा पीळ, वर पॉलियुरेथेनचं आवरण. डिसेंबरच्या थंडीतही ते मऊ राहतं आणि खडीवर घासलं तरी लवकर फाटत नाही. नरम असण्याची किंमत एवढीच की हिच्यात सिग्नल जरा जास्त झिजतो. पुस्तकातले शंभर मीटर हिच्याकडून मागू नयेत. मी ऐंशीला थांबतो, पुढे नेटवर्क स्विच लावतो. घेताना तारेवर ब्लेड फिरवून बघावं. आत पांढरं निघालं तर ते ॲल्युमिनियम, तांबं नुसतं मुलाम्यापुरतं.

प्लगही पिळाच्या तारेचाच मागावा. त्याचे दात पिळाच्या मधोमध घुसतात. एकसंध तारेच्या प्लगचे दात तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. अदलाबदल झाली की केबल रिहर्सलला चालते आणि उद्घाटनाला रुसते. त्या प्लगची प्लास्टिकची जीभ तर मोडण्यासाठीच जन्माला येते, म्हणून वर इथरकॉनचं धातूचं कवच हवंच.

एवढं करून कार्यक्रम संपला की हेल्पर पोरगा केबल पंजा ते कोपर अशी करकचून गुंडाळायला घेतो. ‘अरे, एक वेढा सरळ, एक उलटा!’ असं मी ओरडतो. ‘हो दादा,’ म्हणून तो कोपर बदलतो.

आणि बिलाच्या वेळी आयोजकांचं बोट शार्पी दिव्यांवर, धुरावर, कशावरही थांबत नाही. थेट इथेच थांबतं.

‘वायरचेही पैसे? आणि दोन कशाला?’

‘एक चालू, एक राखीव. पहिली तुटली तर दुसरी.’

‘मग ती दुसरीच टाका ना आधी!’