किरणबंदूक, हत्ती आणि स्वस्तातले राक्षस

टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका काल्पनिक पात्राची सूत्रे हाती घ्यायची आणि अडेल तिथे फासे टाकत तोंडी गोष्ट पुढे न्यायची, या खेळात विश्वनिर्मितीचे खाते गेममास्टर नावाच्या एकाच इसमाकडे असते. हे विश्व त्याने विकत न आणता घरीच रचले असेल, तर पर्वतांच्या उत्पत्तीपासून सरायीतल्या भाड्यापर्यंत सर्व बाबींचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

अशा घरगुती विश्वांपैकी विज्ञान-अद्भुतरम्य या प्रकाराचे, म्हणजे जिथे जादूगार आणि अंतराळयान एकाच गावात नांदतात त्या प्रकाराचे मूळ पल्प मासिकांत सापडते. लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या या मासिकांपैकी एकात 1912 साली एडगर राइस बरोज यांची मंगळकथा क्रमशः आली. तीत विमाने उडतात, रेडियमच्या बंदुका चालतात, आणि तरीही महत्त्वाची भांडणे तलवारीनेच मिटतात. यामागे मंगळाचे भौतिकशास्त्र काय असेल ते असो, तलवारीवाचून वाचकाचे भागत नव्हते हे कारण अधिक सबळ दिसते.

ही परंपरा खेळात कशी उतरली याचा एक नमुना अमेरिकेतील मिनेसोटाचे डेव्ह अर्नेसन यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे: प्राचीन काळातील लढाईच्या एका खेळात पंच या नात्याने त्यांनी एका ड्रुइडाच्या, म्हणजे केल्टिक पुरोहिताच्या हाती ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील किरणबंदूक दिली आणि तिने शत्रूचा हत्ती भाजून काढला. मंत्रसामर्थ्य असे नाव दिले की इतिहासाला बाधा येत नाही, हा युक्तिवाद हत्तीच्या मालकाला पटला असण्याचा संभव कमीच. पुढे अर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या घरगुती जगावरील 1975 च्या पुरवणीत बेडूकपूजकांच्या मंदिराचा मुख्याधिकारी चक्क परग्रहावरचा निघाला.

या विश्वांतील जीवशास्त्र तर याहूनही काटकसरीचे आहे. हाँगकाँगला बनलेल्या, प्रागैतिहासिक प्राणी म्हणून खपवल्या जाणाऱ्या, परंतु कोणत्याही युगात न जन्मलेल्या प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांवरून गायगॅक्स यांनी काही राक्षस सिद्ध केले, आणि त्यांपैकी शेपटीच्या टोकाला पंख्याची पाती असलेल्या प्राण्याला स्पर्शाने लोखंड गंजवून ते खाण्याचा आहार नेमून दिला. ही निवड मार्मिकच म्हटली पाहिजे, कारण मृत्यूला न भिणारा खेळाडू चिलखताच्या नासाडीला मात्र हमखास भितो.

गायगॅक्स यांनीच 1976 च्या एका स्पर्धेसाठी रचलेल्या आणि 1980 मध्ये छापून आलेल्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ या साहसात तलवारधारी वीर डोंगरातील एका कोसळलेल्या अंतराळयानात शिरतात. तिथल्या वस्तूंची नावे त्यांना सांगायची नसतात, नुसती चित्रे दाखवायची असतात. वस्तू कशी चालते हे वीराने फाशांच्या आधारे, बाणांनी जोडलेल्या चौकटींच्या तक्त्यावरून सरकत शोधायचे असते. या तक्त्यातील काही वाटा आकलनाकडे जातात, काही पुन्हा मागे फिरवतात, आणि काहींवर बंदूक चालते खरी, पण नळीचे तोंड नेमके संशोधकाकडेच असते.