माशांच्या जिवावर पुदिना

पालकाच्या जुडीच्या भावावरून घरात वाद झाला आणि त्यातून मला ॲक्वापोनिक्स झालं.

घाबरू नका, हा आजार नाही. खालच्या टाकीत मासे, वर विटांच्या तुकड्यांत भाजी. माशांची घाण पंपाने वर जाते, भाजी ती खाते आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडे उतरतं. माती नाही, खत नाही, आणि (हे मी बायकोला सांगितलं) खर्चही नाही.

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात २०० लिटरचा निळा ड्रम पाहिला. रसायनाचा घ्यायचा नाही, खाण्याच्या जिनसांचा घ्यायचा, एवढा अभ्यास करून गेलो होतो. विचारलं, "यात पूर्वी काय होतं?"

"वास घ्या."

लोणचं होतं.

"तुम्ही काय भरणार?"

"मासे. आणि वर पालक."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि न मागता पन्नास रुपये कमी केले.

ड्रम उभा चिरून दोन अर्धुकं केली आणि गॅलरीत लोखंडी स्टँडवर एकावर एक चढवली. खडीऐवजी विटांचे तुकडे घातले, कारण लिटरभर पाण्याचं वजन एक किलो आणि तेवढ्याच जागेत मावणाऱ्या खडीचं साधारण दीड. हा हिशेब सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्याआधी केला होता.

खरी गंमत सायफनची. वरच्या अर्धुकात पाणी ठरावीक उंचीपर्यंत चढलं पाहिजे आणि मग आपोआप सगळं उतरलं पाहिजे, म्हणजे मुळांना पाणी मिळतं आणि हवाही. त्यासाठी पीव्हीसीच्या उभ्या नळीवर टोपण घातलेली दुसरी जाड नळी बसवतात. मी तीन रविवार घालवले, तरी सायफन काही लागेना. चौथ्या रविवारी आई देवघरातून पितळी पेला घेऊन आली. मध्ये वसुदेव उभा, डोक्यावर बाळकृष्ण. पाणी बाळाच्या पायाला लागलं की सगळी यमुना बुडातून ओसरते. आईने तांब्याने पाणी ओतून दोनदा ओसरवून दाखवली. मग माझ्या नळीच्या टोपणावर बोट फिरवून म्हणाली, "तुझ्या वसुदेवाला फट आहे."

होती. एम-सील लावलं आणि पुढच्या भरतीला सायफन लागला. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, त्यात हे नव्हतं.

आता दर वीस मिनिटांनी घळघळ पाणी उतरू लागलं. रात्रीसुद्धा. बाबा सत्तरीचे. घळघळ ऐकून दर वीस मिनिटांनी तेही उठू लागले. शेवटी रात्रीसाठी पंपाला टायमर लावला. पंप फक्त १८ वॉटचा. बायकोने तेवढ्यात हिशेब केला: चोवीस तास चालला तर महिन्याला १३ युनिट.

मग वाट पाहणं. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो, आणि तो माशांनाच विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते झाडांचं जेवण. ही मंडळी विटांवर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे घेतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही मरतात, म्हणून पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच घालायचं. हे सगळं मी घरात समजावून सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यात ऑफिसातून आलो, तर गढूळ पाणी एकदम आरशासारखं!

"तुरटी फिरवली," आई म्हणाली.

निम्मं पाणी बदललं आणि आठवडे पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

पुढे पालक आला, पण पिवळा. अशा पाण्यात लोह कमी पडतं. ज्याच्यात लोह असतं म्हणून लहानपणी पाठीत धपाटे खाऊन आम्ही जो गिळला, त्याच पालकाला लोह कमी पडावं! पुदिना मात्र माजला. पहिली चटणी झाली आणि आईचा घास हातातच राहिला. "माशांच्या शीवर वाढलेला पुदिना चातुर्मासात चालतो का?"

"अहो आई, शेणखत चालतंच की," बायको म्हणाली.

"गाय शाकाहारी असते."

यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. आई दही-भातावर उठली.

त्याच आठवड्यात मालवणहून सासूबाई आल्या. वरच्या हिरवळीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीत वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आणि ह्ये खावचे कधी?" हे गप्पी मासे आहेत, डासांच्या अळ्या खातात, आपण यांना खात नाही, असं मी सांगितल्यावर त्या उठल्या. "ह्येच्यापेक्षा जवळो बरो."

गप्पी मी दहा आणले होते. हा मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, आणि साधारण महिन्याला एकदा देतो. काल मोजायला बसलो, तर चौऱ्याऐंशीनंतर ते इतके हलले की मी नाद सोडला.

तेव्हा ज्यांना गप्पी हवे असतील त्यांनी रविवारी सकाळी यावं. पैसे नकोत. बरणी आपापली आणावी. सोबत पुदिना मिळेल, तो मात्र न्यावाच लागेल.