आवाज बसला, आता सोड

नवशिक्याच्या गाडीवर जे लाल ‘एल’ लावतात, त्याची मापं सरकारने नियमात लिहून ठेवली आहेत. पांढरी पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. तिच्यावरचं अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि बुडाशी ९ सेंटिमीटर रुंद. अडाणीपणाचं इतकं नेमकं माप आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात काढलेलं मला माहीत नाही. नवा नवरा, नवी सून, नवा नगरसेवक, सगळे बिनपाटीचेच रस्त्यावर येतात.

मी ही पाटी पन्नाशी उलटल्यावर लावली. तोवर साताऱ्यात स्कूटीवर माझं बरं चाललं होतं. पण ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, मुलगा बंगळूरला, आणि दारात गाडी असून घरात ती चालवणारं कोणी नाही अशी वेळ आली. गाडी जुनी, पाच गिअरची. “आता ऑटोमॅटिकच घ्या की,” असं सांगणारे भेटले. जुन्या गाडीचे हप्ते कुठे आत्ता फिटले होते, हे त्यांना माहीत नव्हतं.

ड्रायव्हिंग स्कूलसाठीही नियम आहेत: निदान २१ दिवसांचं शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं निदान १० तास. माझे ‘सर’ माझ्या मुलापेक्षा लहान होते. त्यांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता. सरांचा शब्दसंग्रह आटोपशीर. “क्लच. क्लच मॅडम. मॅडम, क्लच.” आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे, कारण तोवर त्यांच्या पायाने काम उरकलेलं असे. एका हाताने मोबाइलवर कुणाशी तरी प्लॉटच्या व्यवहाराचं बोलणं चाललेलं आणि पाय इकडे माझी अब्रू राखतायत. गोडोलीपासून पोवई नाक्यापर्यंत गाडी लोण्यासारखी यायची. मी मनातल्या मनात म्हणायची, जमलं की! घरची गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा उलगडा झाला, की आजवर गाडी आम्ही दोघांनी मिळून चालवली होती आणि त्यात माझा वाटा हॉर्नपुरता होता.

तीन पेडलांपैकी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सरळ स्वभावाचे. दाबलं की काम, सोडलं की सुट्टी. क्लचचं सगळं उलटं. दाबला की इंजिन आणि चाकं यांची फारकत होते, सोडला की दोघं पुन्हा एकत्र. आणि एकत्र येणं हीच खरी अडचण आहे. गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन मिनिटाला ८००च्या आसपास फेरे घेत असतं. चाकं मात्र ढिम्म. या फिरणाऱ्याला त्या थांबलेल्याशी एकदम जोडलं तर चाकं फिरायला लागत नाहीत, इंजिनच मान टाकतं. धावत्या एसटीत चढणारा माणूस जसा आधी चार पावलं तिच्याबरोबर पळतो आणि मग दांडी धरतो, तशी ती चार पावलं म्हणजे हाफ क्लच. आत दोन तबकड्या एकमेकींवर घासत असतात, हळूहळू एका वेगाला येतात आणि मग एकजीव होतात. हे मला कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याकडे गाडी शिकवणारा माणूस तबकड्यांबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, “हळू सोडा की!” किती हळू, ते गाडी बंद पडल्यावर कळतं.

ह्यांच्याकडून शिकण्याचा प्रयोग आम्ही लवकर आवरला. डोळ्यावर हिरवी पट्टी असलेला माणूस शेजारी बसून “डावीकडे बघ, डावीकडे” म्हणायला लागला की संसाराला धोका असतो. त्यांना घरी ठेवलं. पण बाईने एकटीने गाडी काढायची नाही असं सासूबाईंचं मत पडलं. कच्च्या लायसन्सवर शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस लागतं, तो कायदा वेगळा. त्यासाठी शेजारच्या जोशीकाकूंचा मुलगा पुढे बसायचा, कानात बोंडं घालून. आणि मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर पिशवी घेऊन.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. सासूबाईंचा जन्म त्याच्या आदल्या वर्षीचा. त्यामुळे एसटीला त्या वयाने धाकटी धरतात आणि तिच्यावर तसाच हक्क गाजवतात. त्यांचं माहेर चिपळूणचं. माहेरी जायचं तर पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट त्यांची ठरलेली. उभ्या आयुष्यात त्यांनी स्टेअरिंगला बोट लावलं नाही, पण त्या घाटात इंजिन कुठल्या वळणावर काय बोलतं, ते त्यांना तोंडपाठ आहे.

त्या जुन्या गाड्यांत गिअर बदलणं हे आजच्यासारखं दांडी ओढण्याचं काम नव्हतं. आधी क्लच दाबायचा, दांडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा, अंदाजाने रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. याला डबल क्लच म्हणत. अंदाज चुकला की गिअरचे दात एकमेकांवर करकरत आणि ते मागच्या सीटवरच्या पोरालाही ऐकू जाई. तिकडे अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांमध्ये १९२८ सालीच सिंक्रोमेश आलं आणि वेग जुळवून घ्यायचं काम गिअरबॉक्सने आपल्याकडे घेतलं. आपल्या ट्रक आणि बसपर्यंत ते सुख यायला कैक दशकं लागली. तोवर ड्रायव्हरची किंमत लोक कानाने करत. “ह्यांचा गिअर कधी वाजला नाही,” हे वाक्य सासूबाई अजून उच्चारतात, आणि दुसऱ्या कुठल्या बाबतीत सासऱ्यांचं त्यांनी इतकं कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही.

तर अशा बाई माझ्या मागे बसलेल्या. मी दुसऱ्या गिअरवर गाडी पळवतेय, इंजिन बोंबलतंय, आणि मी रस्त्याकडे डोळे वटारून बघतेय. मागून शांतपणे येतं, “ओरडतेय ती. वर घे.” तिसरा टाकावा तर गाडी खुशीत. पुढे चढ लागला, मी तिसऱ्यावरच रेटतेय, गाडी थरथरायला लागली. “कुथतेय गं. खाली घे.” जोशीकाकूंच्या मुलाने तर कानातलं एक बोंड काढून ठेवलं. सरांनी मला आकडे शिकवले होते, वीसला दुसरा, तीसला तिसरा वगैरे. पण आकडे बघायचे तर मान खाली घालावी लागते, आणि आमच्या रस्त्यांवर मान खाली घातली की समोर म्हैस उगवते. कान मात्र मोकळेच असतात. त्यांना रस्ता बघायचा नसतो, आरसा बघायचा नसतो. दोन ओरडण्यांत मला जे कळलं, ते सरांच्या सगळ्या क्लच-मॅडमांत कळलं नव्हतं.

खरी परीक्षा चढावर. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं सातारा म्हणजे गावाजवळ डोंगर. तसं नाही, गावच डोंगराच्या पायऱ्यांवर बसलंय. अजिंक्यतारा वर, मग राजपथ, मग खालचा रस्ता. या दोन रस्त्यांना जोडणाऱ्या बोळांत गाडी अडकली की पुढे रिक्षा, मागे दूधवाला आणि मध्ये आपण तिरके टांगलेले. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत काय काय यायला हवं याची नियमांत यादी आहे. त्यात हेही आहे, की उभ्या चढावर गाडी थांबवून ती जराही मागे न येता पुन्हा काढता आली पाहिजे. हे लिहिणाऱ्याला आमच्या बोळात आणून उभं करावं असं मला फार वाटे.

त्याची रीत अशी: हँडब्रेक ओढायचा. पहिला टाकायचा. थोडी रेस धरून क्लच सावकाश वर येऊ द्यायचा. एका ठिकाणी इंजिनाचा सूर किंचित खाली जातो, जड होतो, आणि बॉनेटचं नाक केसभर वर उचललं जातं. तबकड्या चिकटल्याची ती खूण. पाय तिथेच गोठवायचा आणि हँडब्रेक खाली सोडायचा. मग गाडी मागे येत नाही, निमूट पुढे निघते. हा क्षण डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. मी नाकाकडे बघत बसले तर चुकायची, नाहीतर घाईने हँडब्रेक सोडायची. मागचा दूधवाला “ताई, हँडब्रेक! हँडब्रेक!” म्हणून कॅन सांभाळत मागे सरकायचा. साताऱ्यात गाडी शिकण्याची फी एकाला द्यावी लागते, पण शिकवतात सगळेच.

मागच्या सीटवर मात्र पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत सासूबाई कान देऊन बसलेल्या असत. डोळे मिटलेले. आणि मग, “आवाज बसला. आता सोड.”

सोडला. गाडी गेली. दूधवाल्याने हात वर केला.

पक्कं लायसन्स मिळाल्यावर सासूबाईंना यवतेश्वरच्या घाटातून कासला न्यायचं कबूल केलं होतं. फुलांचा हंगाम, त्यात रविवार. काससकट पश्चिम घाटाला २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, आणि हंगामात तो वारसा बघायला निम्मं जग आपापली गाडी घेऊन येतं असं घाटात अडकल्यावर वाटतं. रांग हातभर सरकायची, थांबायची. सगळ्या घाटात हाफ क्लच चाललेला. जरा वेळाने एक जळका, कडवट वास यायला लागला. मी घाबरून डॅशबोर्डवरचे दिवे बघतेय. सासूबाईंनी काच खाली करून एकदा हुंगलं. “आपली नाही. पुढच्याची क्लच प्लेट. पाय ठेवून बसलाय मेला.” खरंच, पुढचा थांबला असतानाही ब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरत होता. आम्ही हँडब्रेक ओढून आरामात.

पुढच्या अरुंद वळणावर वरून एक मोठी काळी गाडी आली आणि रुबाबात हॉर्न वाजवायला लागली. मी मागे घेऊ की काय अशा विचारात. सासूबाईंनी काचेतून अर्ध्या बाहेर येत त्याला थांबवलं. “बाळा, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. तू उतारावरचा, तू थांबलास तरी पुन्हा निघशील. हिची थांबली तर ढकलायला तू येणार का?” पोरगं चांगलं होतं, कडेला घेतलं. नियमांतही तेच आहे, हे त्याला माहीत असावं किंवा सासूबाईंच्या आवाजापुढे त्याने तपास केला नसावा.

उतरताना भाचा बरोबर होता. तो पुण्याच्या आयटीतला. म्हणाला, “मामी, न्यूट्रलला टाका, पेट्रोल वाचेल.” मागून फक्त “हं” आलं. पण ते “हं” असं होतं की मी दांडीला हातही लावला नाही. ज्या गिअरवर घाट चढला त्याच गिअरवर उतरायचा, ही सासऱ्यांची शिस्त. न्यूट्रलला टाकलं की इंजिनाचा लगाम सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापले की ऐनवेळी दगा देतात. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिनाला पेट्रोलच देत नाहीत. उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवण्यापुरतं थोडं जळत राहतं. म्हणजे वाचणार होतं ते पेट्रोलही वाचणार नव्हतं.

त्याच भाच्याने दिवाळीत नवी गाडी आणली. बिनक्लचची. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून या एएमटी गाड्या मध्यमवर्गाच्या खिशात आल्या. आत नेहमीचाच गिअरबॉक्स, नेहमीचाच क्लच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. भाच्याने आजीला कौतुकाने पुढे बसवलं. पहिल्याचा दुसरा होताना गाडी क्षणभर दम खाते आणि मग पुढे ढकलते, तशी ढकलली. सासूबाईंची मान पुढे-मागे झाली.

“क्लच कोण दाबतंय रे?”

“कॉम्प्युटर, आजी.”

“मग त्याला सांग, सराव कर अजून. आणि पाटी लाव बाहेर.”

हसण्यावारी नेलं आम्ही. पण पोवई नाक्याच्या गर्दीत भाचा पाय लांब करून बसला होता आणि मी त्याच्याकडे जळून बघत होते, हेही लिहायला हवं. माझा डावा गुडघा संध्याकाळी बोलायला लागतो.

तुम्ही शिकणार असाल तर माझं ऐका, गिअरचीच शिका. आपल्याकडे कारचं लायसन्स दोन्ही प्रकारांना एकच. ऑटोमॅटिकवर शिकलात तरी उद्या कुणाच्या ऑपरेशनला, रात्री-अपरात्री, कुणीतरी गिअरच्या गाडीचीच किल्ली तुमच्या हातात ठेवेल. शिकल्यावर घ्यायची कुठली, ते डाव्या गुडघ्याला विचारून ठरवा. माझ्या गुडघ्याने मत दिलेलं आहे. सासूबाईंनी अजून सही केलेली नाही.