सबवूफरचं बिऱ्हाड

सबवूफर घ्यायला गेलं की दुकानदार वॅट सांगतो, कोन किती इंची ते सांगतो, पुढच्या महिन्यात भाव वाढणार आहेत हेही सांगतो. तुमचा दिवाणखाना किती लांब, हे मात्र विचारत नाही. आमचा १४ फूट आहे. ठाण्यात एवढा दिवाणखाना म्हणजे चैन, असं मी पेटी घरी येईपर्यंत मानत होतो.

४० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट साधारण २८ फूट लांब असते. तिचा बरोबर अर्धा भाग आमच्या दिवाणखान्यात बसतो, आणि अशी मापात बसलेली लाट मग हलायचं नाव घेत नाही. दोन्ही टोकांच्या भिंतींशी ती दणदणते आणि मधोमध जवळजवळ नाहीशी होते. आता सोफा आपल्याकडे भिंतीलाच टेकलेला असतो. त्यामुळे पडद्यावर स्फोट झाला की सोफ्यावर बायको दचकते आणि मधोमध, पंख्याखाली खुर्ची टाकून बसलेली आई म्हणते, "एवढे पैसे घातलेस, आवाज कुठाय?" बायको म्हणते कमी कर, आई म्हणते वाढव. दोघींचंही म्हणणं पदार्थविज्ञानाला धरून आहे. मी दोघींच्या मध्ये उभा राहिलो तर मला मध्यम ऐकू येतं. घरातल्या इतर बाबतींतही माझी जागा साधारण तीच.

पेटी कोपऱ्यात सरकवली तर दोन भिंती आणि जमीन मिळून आवाज वाढवतात, पण मग पखवाज असो की बॉम्ब, सगळ्याचा एकच घुमारा होतो. यावर जाणकारांचा उपाय असा: सबवूफर आपल्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे पेटी मांडायची. आवाजाला जायचा आणि यायचा रस्ता सारखाच असतो, त्यामुळे युक्ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. फक्त त्या वेळी दार बंद ठेवावं. कामाच्या मावशी आल्या तेव्हा पेटी सोफ्यावर होती आणि मी जमिनीवर.

"दादांची कंबर धरली का हो?" त्यांनी आईला हळूच विचारलं.

"नाही. जागा बघतोय," आई म्हणाली.

मावशींनी पुढे काही विचारलं नाही. फरशी पुसताना माझ्याभोवती वळसा मात्र घातला.

सर्वोत्तम जागा सापडली ती आईच्या शिलाई मशीनची. मशीन अर्थातच हललं नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या जागी दार उघडत नव्हतं. तिसरी चपलांच्या कपाटाशेजारी होती, ती मंजूर झाली.

मग मागची बटणं. ८० हर्ट्झच्या खालचं ओझं छोट्या स्पीकरांच्या पाठीवरून उतरवून पेटीला द्यावं, हे सरसकट चालतं. एवढा खालचा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला नीटसं कळत नाही, त्यामुळे चपलांचा संबंध लपून राहतो. खरी परीक्षा फेजच्या बटणाची. बायको सोफ्यावर, मी पेटीमागे, चष्म्याच्या नंबराची तपासणी चालावी तसे: "आता जास्त वाटतंय, की मघाशी?" "आता. थांब, मघाशी. तू नक्की काही फिरवतोयस ना?"

एवढं होऊन पेटी चालू केली तर गाणं नसतानाही घूंऽऽ. इलेक्ट्रिशियन आला आणि म्हणाला, "साहेब, तिसरी पिन तोडून टाकू, आवाज खलास." पेटीचा आवाज खलास झालाच असता, पुढेमागे आमचाही. ती पिन जीव वाचवायला असते. तिच्यावर पक्कड चालवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. चोर निघाला केबल टीव्हीची वायर. ती बाहेरून स्वतःचं अर्थिंग घेऊन येते, घराचं वेगळं, आणि दोन्हींचं पटलं नाही की भांडण सबवूफरच्या वायरीतून ५० हर्ट्झमध्ये ऐकू येतं. वायर उपसली की शांत. मग मध्ये एक छोटा आयसोलेटर बसवला.

पण खरा करमणुकीचा भाग पुढचा आहे. फोनवर २० हर्ट्झपासून हळूहळू चढणारा सूर लावला की घरातली एकेक सैल वस्तू हजेरी देऊ लागते. आधी खिडकीची सरकती काच, मग शोकेसमधल्या ट्रॉफ्या, मग मांडणीवरच्या डब्यांची झाकणं. एका सुराला देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणली. आईनं हात जोडले, मग माझ्याकडे बघून सोडले. निम्मं घर आता कागदाच्या बोळ्यांवर उभं आहे.

देखभाल म्हणाल तर फार नाही. कोनभोवतीची कड फोमची असली तर दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. आमची रबराची आहे. हवेसाठी ठेवलेल्या भोकातून खडखड आली की आधी मुलीची चौकशी करावी. गेल्या वेळी आतून खडू आणि रिमोटचा सेल निघाला. आईनं वर क्रोशाचा रुमाल आणि मनीप्लांटची बाटली मांडली. रुमालाला मी हरकत घेतली नाही, मागच्या ॲम्प्लिफायरला वारा लागेल इतका मागे दुमडला. बाटली टीव्हीशेजारी गेली. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मध्ये पेल्यातलं पाणी थरथरतं ते डॅशबोर्डखाली ताणलेली गिटारची तार छेडल्यामुळे. आमच्या बाटलीला तार लागली नाही.

खालचे काका पहिल्यांदा वर आले ते सेक्रेटरींना घेऊनच. सेक्रेटरींनी फोनवर डेसिबल मोजले, ४९ भरले. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ पर्यंत चालतात, म्हणजे मी कायद्यात बसलो. पण हे माप माणसाच्या कानाच्या कलानं घेतात आणि खर्जाला आपला कान मंद, म्हणून ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना ही वजाबाकी पटेना.

"मला कुठे ऐकू येतंय?" ते म्हणाले. "पलंगाला येतं."

मी पेटीखाली वॉशिंग मशीनला लावतात तसले रबरी पाय लावले. त्यानं फरशीची थरथर कमी झाली. हवेतून जाणारा खर्ज मात्र जायचा तो जातोच. अखेर तह झाला: रात्री दहाला पेटी बंद.

परवा सकाळी काका लिफ्टमध्ये भेटले.

"काल पिक्चर अर्ध्यात बंद केलात?"

"दहा वाजले ना, काका."

"ते ठीक आहे हो. पण हेलिकॉप्टर उडालं ते उतरलंच नाही. साडेअकरापर्यंत जागा होतो मी."