घरगुती दफ्तरखान्याची तजवीज

कुटुंबाची छायाचित्रे आणि कागदपत्रे घरातल्याच एका संगणकीय कोठारात सुरक्षित ठेवावीत, असा शुभसंकल्प ज्याच्या मनात उद्भवतो, त्या गृहस्थापुढे तयार पेटी विकत घ्यावी की सुटे भाग जमवून ती स्वहस्ते सिद्ध करावी, असे धर्मसंकट उभे राहते. तयार पेटी घेणारा निश्चिंत असतो खरा. परंतु सिनॉलॉजी कंपनीने 2025 साली आपल्या ‘प्लस’ मालिकेतील नव्या पेट्यांत मान्यताप्राप्त हार्ड डिस्कांखेरीज इतरांना मज्जाव करणारे फर्मान काढले आणि गिऱ्हाइकांच्या रोषानंतर त्याच वर्षी ते पुष्कळसे सैल केले, तेव्हा पेटीचा मालक एक आणि मुखत्यार दुसराच, हे अनेकांस उमगले. स्वतः बांधणाऱ्याची ऐट निराळी: अडगळीतला संगणक, त्यावर ट्रूनॅस ही कोठार चालवणारी प्रणाली, झेडएफएस या फाइल-व्यवस्थेचे अखंड स्तवन, आणि स्वतःच्या चुका सुधारणारी ईसीसी रॅम घ्यावी की न घ्यावी यावर मध्यरात्रीपर्यंत चालणारी मसलत. (वाचवलेल्या रकमेचा हिशेब तो आनंदाने देतो, विजेच्या बिलाचा देत नाही.) एका बाबतीत मात्र उभय पक्ष एकदिल आहेत: अनेक डिस्क जोडून केलेल्या रेड रचनेत एक डिस्क निकामी झाली तरी मजकूर शाबूत राहतो, त्याअर्थी चुकून पुसलेली फाइलही शाबूत राहील, असा त्यांचा भाबडा समज असून, दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्र प्रत ठेवण्याचे काम दोघांनीही पुढच्या दिवाळीवर ढकललेले असते.